महासागरी शर्यतीत बोटीवर राहायचं कसं: वॉच, बंक, गॅली आणि ओले मोजे

लांब पल्ल्याच्या शर्यतीत शिडं कशी लावायची, बोट वेगात कशी ठेवायची हे शिकवणारे पुष्कळ आहेत. तीन-चार आठवडे जमीन न दिसता त्या बोटीवर राहायचं कसं, हे मात्र फार कमी जण नीट सांगतात. आणि शर्यत बहुतेकदा त्यातच हातची जाते. विसाव्या दिवशी पहाटे शीड बदलायला दुप्पट वेळ लागतो, कारण निम्म्या वॉचचे, म्हणजे पाळीवरच्या गटाचे, कपडे ओले असतात, दोघं धड जेवलेले नसतात आणि एकाला दोन दिवस झोप नसते. स्वतःला कोरडं ठेवणं, वेळेवर खाणं आणि मिळेल तेवढं झोपणं हे बोटीवर कामच असतं, लाड नव्हेत. खालचं सगळं त्याच हिशेबानं वाचा.

डोळ्यांसमोर ठेवली आहे ती क्लिपर राउंड द वर्ल्ड रेस, कारण हौशी माणसाला जगप्रदक्षिणा करू देणाऱ्या शर्यतींत ती सगळ्यात परिचित. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि पहिली शर्यत १९९६ मध्ये निघाली. सुमारे ४०,००० सागरी मैल, आठ लेग (टप्पे), सत्तर फुटी एकसारख्या बोटी. प्रत्येक बोटीवर पगारी स्किपर (कप्तान) आणि फर्स्ट मेट (त्याचा मदतनीस). बाकीचे वीसेक जण पैसे भरून आलेले डॉक्टर, शिक्षक, निवृत्त बँकवाले. पूर्ण फेरी करा किंवा एखादाच लेग. जाता जाता एक गोष्ट: १९६८-६९ मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारे नॉक्स-जॉन्स्टन हे पहिले, आणि त्यांची ती 'सुहैली' मुंबईत सागवानात बांधलेली होती. आपल्या नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या ५६ फुटी बोटी गोव्यात बांधल्या. 'तारिणी' जानेवारी २०२३ मध्ये केपटाउन ते रिओ शर्यतीतही उतरली होती. क्रू लहान असला तरी दिनक्रम थोड्याफार फरकानं हाच.

निघायच्या आधी

सगळ्यात आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. हसू नका. बोटीवरच्या औषधपेटीत टाके घालायचं सामान असतं, अँटिबायोटिक असतं, पण दुखरी दाढ काढायला कुणी धजावत नाही, आणि पॅसिफिकच्या मधोमध ठणकणारी दाढ माणसाला पार निकामी करते. जुनी फिलिंग तपासून घ्या.

दुसरं काम व्हिसाचं, आणि भारतीय पासपोर्टवर हे सगळ्यात किचकट. प्रशिक्षण इंग्लंडमध्ये, गॉस्पोर्टला, चार टप्प्यांत होतं. त्यासाठी ब्रिटनचा व्हिसा. मग लेग जिथे सुरू होतो तो देश, जिथे संपतो तो देश, मधले थांबे. विमानतळावर चालणारा ई-व्हिसा बोटीतून बंदरात उतरताना चालेलच असं नाही, हे प्रत्येक देशासाठी लेखी विचारून घ्या. कुणाला दुखापत झाली तर बोट भलत्याच बंदराकडे वळते, तेव्हा वाटेतले देशही नजरेखालून घाला. तुमच्या ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांना यातलं बरंच काही करावं लागत नाही, म्हणून ते तुम्हाला आठवणही करून देणार नाहीत. किमान सहा महिने आधी सुरुवात करा.

शरीराची तयारी म्हणजे जिममध्ये दंड फुगवणं नाही. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ढोलावर, लागतात ते खांदे आणि पाठ, आणि तिरक्या फरशीवर दिवसभर उभं राहायला पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू. घरी एका पायावर उभं राहून, एक हात भिंतीला लावून पँट-मोजे घालायचा सराव करा. बोटीवर दिवसातून सहा-आठ वेळा हेच करायचं असतं.

बॅगेला वजनाची मर्यादा असते. वीसेक किलो धरून चाला, आणि त्यातही प्रत्येक नगाला 'हे नसलं तर काय होईल' असं विचारा. सुती कपडे घरीच ठेवा. सुती बनियन एकदा खारं झालं की पुन्हा वाळत नाही, कारण कापडातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. लोकरी, शक्यतो मेरिनोचे, आतले दोन-तीन जोड पुरतात. स्लीपिंग बॅग कृत्रिम धाग्यांची घ्या. पिसांची बॅग भिजली की तिचा गोळा होतो. प्रत्येक जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत हवा काढून भरा, पिशवीवर मार्करनं लिहा. एक जोड 'कधीच ओला होऊ द्यायचा नाही' म्हणून बाजूला ठेवा. तो फक्त बंकमध्ये, म्हणजे झोपायच्या फळीवर, घालायचा. डेकवर कितीही थंडी वाजली तरी त्याला हात लावायचा नाही.

बाकी सामान: लाल प्रकाशाचे दोन हेडटॉर्च, दोरीला बांधलेली छोटी सुरी, चष्मा असेल तर दुसरा चष्मा आणि दोन्हींना दोरी, बूट एक नंबर मोठे (दोन मोजे मावायला हवेत), झिंकचं मलम, आणि इसबगोल. हालचाल कमी, पाणी कमी, कोरडं अन्न, त्यात हलता संडास, बद्धकोष्ठ ठरलेलं. याबद्दल बोटीवर सुरुवातीला कुणी बोलत नाही आणि आठवड्याभरानं सगळे तेच बोलतात.

पहिले तीन दिवस: बोट लागते तेव्हा

बोट लागणं हा कमकुवतपणा नाही. मुरलेल्या खलाशांनाही लागते, आणि बहुतेकांची दोन-तीन दिवसांत सुटते. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीतूनच बाहेर जाते, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीपासून सुरू करा. सिनारिझिन बऱ्याच जणांना मानवतं, काहींना फार झोप येते. कुठली गोळी आपल्याला चालते हे डॉक्टरांना विचारून आधी किनाऱ्याजवळच्या सफरीत आजमावून ठेवा. शर्यतीच्या पहिल्या दिवशी नवं औषध नको.

पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, चुरमुरे, सुंठ, लिमलेटची गोळी. खाली केबिनमध्ये कमीत कमी वेळ घालवा. खाली गेलात तर सरळ आडवे व्हा, उभं राहून बॅगेत काही शोधत बसू नका. निम्मे लोक बॅगेत मोजे शोधतानाच पहिली उलटी करतात. डेकवर क्षितिजाकडे बघा, आणि स्किपर देत असेल तर सुकाणू मागून घ्या. सुकाणू धरलेल्याला बोट कमी लागते, कारण पुढचा हेलकावा त्याला आधी कळतो.

उलटी बादलीत करा. कठड्यावरून बाहेर वाकणं हा पाण्यात पडायचा सोपा मार्ग आहे. नंतर ओआरएसचे घोट, दर पाच मिनिटांनी एक. दहा तासांत लघवी झाली नाही तर लाजू नका, स्किपरला सांगा. आणि बोट लागली म्हणून वॉच चुकवायची नसते. बसल्या बसल्या जमतील अशी कामं खूप असतात.

वॉच आणि झोप

क्रूचे दोन गट असतात. दिवसा सहा-सहा तासांच्या दोन वॉच, रात्री चार-चार तासांच्या तीन. म्हणजे आठ ते दोन, दोन ते आठ, आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ. चोवीस तासांत वॉच पाच आणि गट दोन, त्यामुळे वेळा आपोआप आलटून-पालटून येतात: आज रात्री दोनदा उठलात तर उद्या एकदाच.

कागदावर चार तास सुट्टी म्हणजे चार तास झोप वाटते. प्रत्यक्षात वॉच सोपवून खाली येईपर्यंत दहा मिनिटं, ओले कपडे उतरवून टांगायला पंधरा, काहीतरी गरम प्यायला दहा, आणि पुढच्या वॉचसाठी अर्धा तास आधी उठायचं. उरले जेमतेम तीन. मध्येच सगळ्यांना डेकवर बोलावलं तर तेही नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच नियम पाळा: वॉच संपली की गप्पा नाहीत, फोटो नाहीत, थेट बंक. दिवसाच्या सहा तासांच्या सुट्टीतही किमान चार तास झोपा. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात जे दिवसा डेकवर रेंगाळतात, तेच दुसऱ्या आठवड्यात सुकाणूवर डुलक्या घेताना दिसतात.

बंक बहुतेकदा दोघांत एक असतो. तुम्ही उठता, तो झोपतो. स्लीपिंग बॅग मात्र ज्याची त्याची. बोट एका बाजूला कलून चालते, तेव्हा वाऱ्याकडच्या, म्हणजे वर उचललेल्या बाजूच्या बंकमध्ये झोपायचं. तुमचं वजनही बोट सरळ ठेवायला लागतं. बोटीनं दिशा बदलली की अर्धवट झोपेत बॅग उचलून पलीकडे. चिडचिड होते, पण डेकवर तुमचेच सोबती जड ओलं शीड त्याच कारणासाठी ओढून नेत असतात. बंकची कड दोरी-कप्पीनं वर-खाली करता येते; झोपण्याआधी कल बघून ती लावून घ्या आणि बाजूचं कापड नीट बांधा. पाय नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, करून झोपा. बोट लाटेत आदळून अचानक थांबली तर माणूस पुढे घसरतो. तेव्हा समोरच्या फळीवर पाय आपटलेले परवडतात, डोकं नाही.

झोपलेल्याला उठवण्याचीही रीत आहे आणि तिच्यावर बोटीतला निम्मा सलोखा अवलंबून असतो. समजा, रात्रीचे साडेतीन वाजलेत. लाल दिवा लावून या, तोंडावर उजेड मारू नका. खांद्याला हात लावा आणि नाव घेऊन हळू आवाजात सांगा: "साडेतीन वाजलेत. वारा बावीस नॉट्स, पाऊस नाही, पण पुढे पाणी उडतंय. पूर्ण ऑइलस्किन घाल, आत एकच थर पुरेल. मुख्य शिडाला एक रीफ आहे. चहा ठेवलाय." (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, ऑइलस्किन म्हणजे पाणी आत न येणारे कपडे, रीफ घेणं म्हणजे शीड आवळून लहान करणं.) समोरच्यानं हुंकार दिला म्हणून निघून जाऊ नका; तो उठून बसेपर्यंत, दोन धड वाक्यं बोलेपर्यंत थांबा. दहा मिनिटांनी पुन्हा डोकावा. अरुंद बोळात चार-चार जण कपडे चढवतात, सगळे एकदम उठले तर सकाळच्या विरार लोकलची कळा येते. म्हणून आधी सावकाश आवरणाऱ्याला उठवा. आणि वॉचवर चार वाजता म्हणजे चारला पाच मिनिटं कमी असताना डेकवर, टेदर (बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा) अडकवून. एक जण सतत उशिरा येतो, तेव्हा वरचे थंडीत त्याच्यासाठी थांबलेले असतात. भांडणं यावरूनच होतात, मोठ्या तत्त्वांवरून नाही.

वॉच सोपवताना वारा, दिशा, लावलेली शिडं, जवळपासची जहाजं, काय तुटलं-फाटलं ते सांगायचं. दर तासाला लॉगमध्ये, म्हणजे बोटीच्या नोंदवहीत, जागा, वेग, वारा आणि वायुभारमापकाचा आकडा लिहायचा आणि तळाशी पाणी साचलंय का ते बघायचं. हे कंटाळवाणं काम झोपाळू माणसाला द्या, तो जागा राहतो.

गॅली

क्लिपरवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, दररोज दोघं जण स्वयंपाकाला असतात. त्याला 'मदर वॉच' म्हणतात. त्या दिवशी डेकचं काम नाही, आणि बक्षीस म्हणून रात्रभर अखंड झोप. पहिल्यांदा सगळे या दिवसाला घाबरतात, पुढे आतुरतेनं वाट बघतात.

सामान बंदरातच दिवसांप्रमाणे पिशव्यांत भरून ठेवतात: दिवस १, दिवस २, असं. या पिशव्या भरणं बंदरातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी मान असलेलं काम. डब्यांवरची कागदी लेबलं आधीच काढा. ती ओली होऊन सुटतात आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपात अडकतात. डब्यावर मार्करनं लिहा. कांदे-बटाटे वेगवेगळे ठेवा, एकत्र लवकर सडतात. कोबी आठवडेच्या आठवडे टिकतो. न धुतलेली अंडी फ्रिजशिवाय टिकतात, फक्त दर दोन-तीन दिवसांनी उलटी करायची. एक-दोन दिवसांचं जादा अन्न ठेवा, वारा पडला तर लेग लांबतो. पण आठवड्याचं नको, कारण शर्यतीत प्रत्येक किलो तुम्हीच ओढता. 'द ओशन रेस'सारख्या व्यावसायिक शर्यतींत याच हिशेबानं बोटी फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून सुकवलेल्या, अन्नावर चालतात. २०२३ मध्ये केपटाउन ते इताजाई हा १२,७५० सागरी मैलांचा टप्पा त्यांनी असाच काढला. त्या मानानं क्लिपरचं जेवण म्हणजे सणाचं पान.

आता भाजण्याबद्दल. बोटीवरची एक मोठी दुखापत गॅलीत होते. शेगडी झुलत्या चौकटीत असते, बोट कलली तरी ती सरळ राहते. तिचं खिटीचं कुलूप काढलंय का ते आधी बघा, भांड्यांना बाजूचे पकडे लावा. खवळलेल्या समुद्रात उन्हाळा असला तरी ऑइलस्किनची पँट आणि बूट घालूनच स्वयंपाक करायचा; अंगावर उकळतं पाणी पडलं तर तोच एक थर वाचवतो. चहा कपात ओतताना कप हातात धरायचा नाही, सिंकमध्ये ठेवायचा, आणि अर्धाच भरायचा. शेगडीच्या बरोबर समोर उभं राहू नका, थोडं बाजूला. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरकडचा झडप-खटका बंद, नळीतला गॅस जळू द्या, मग शेगडीचं बटण.

प्रेशर कुकर हे बोटीवरचं सर्वोत्तम भांडं आहे, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. झाकण घट्ट, सांडत नाही, गॅस कमी लागतो, वाफेनं केबिन ओली होत नाही. वीस माणसांची मुगाची खिचडी: दीड किलो तांदूळ, पाऊण किलो डाळ, दहा लिटरच्या कुकरमध्ये दोन खेपा. कुकर निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर डाळीचा फेस शिट्टीत अडकतो. वरून तूप. थंडीनं काकडलेल्या स्कॉटिश माणसानं तिसऱ्यांदा वाडगा पुढे केला की समजायचं, जमलं. तुम्ही शाकाहारी असाल तर हे महिनाभर आधी लेखी कळवा. ऐनवेळी सांगितलं तर तुमच्या वाट्याला सोयाबीन आणि उकडलेल्या शेंगा येतील.

स्वतःच्या बॅगेतही थोडं काही ठेवा. मेतकूट, दाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, आमसुलं. गरम भात, मेतकूट आणि थोडंसं तूप यानं दोन दिवस काहीही न खाल्लेला माणूस जेवायला लागतो. भाजणी नेली तर तव्यावर थालीपीठ होतं, पण फक्त शांत समुद्रात. वादळात तळण बंद, उकळतं तेल तर कधीच नाही. थंडीच्या पट्ट्यात दिवसभर काहीतरी तोंडात टाकत राहा. तहान-भूक मेल्यासारखी वाटते आणि वजन झरझर उतरतं.

भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं, शेवटी गोड्या पाण्याच्या तांब्याभरानं. भात-बटाटे उकडताना तिसरा हिस्सा समुद्राचं पाणी घातलं तर मीठही वाचतं. किनाऱ्याजवळचं पाणी मात्र नको.

पाणी, संडास, कातडी

समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बोटीवर असतं, पण ते जनरेटरवर चालतं, जनरेटर डिझेलवर, आणि यंत्रं बिघडतात. म्हणून अंघोळ नाही. ओल्या पुसण्यांनी रोज चेहरा, काखा, जांघा, पाय, याच क्रमानं. विषुववृत्ताजवळ सरी येतात तेव्हा डेकवर अंघोळ होते. साबण लावण्याआधी ढग किती मोठा आहे ते बघून घ्या, नाहीतर अंगावर फेस आणि वर कोरडं आभाळ.

संडासात सगळ्यांनी, पुरुषांनीही, बसूनच. पंप जेवढा सांगितलाय तेवढा मारा, आणि शरीरातून न आलेलं काहीही आत टाकू नका. तुंबला तर ज्यानं तुंबवला त्यानं हातमोजे घालून साफ करायचा, हा अलिखित नियम सगळ्या बोटींवर आहे. मासिक पाळीसाठी लागणारं सामान अंदाजाच्या दुप्पट न्या, लहान काळ्या पिशव्याही. कप वापरायचा विचार असेल तर किनाऱ्यावर काही महिने सवय करून मगच. ताण आणि थंडीनं तारखा सरकतात.

ओल्या खाऱ्या कपड्यांवर तासन्तास बसून पार्श्वभागावर फोड येतात, आणि एकदा आले की मांडी घालून बसणंही नको होतं. रोज एकदा तरी तिथली कातडी गोड्या पाण्यानं पुसा, वाळवा, झिंक लावा. पाय कोरडे करून बंकमध्ये मोज्यांशिवाय झोपा. ओले मोजे वाळवायची जागा एकच: स्लीपिंग बॅगच्या आत, पोटाशी. घाण वाटतं, पण चालतं. बोटांच्या टोकांना चिरा पडतात, सकाळी मुठी उघडत नाहीत. रात्री मलम लावून ठेवा. सूजलेली जखम 'बघू उद्या' म्हणून सोडू नका.

डेकवर

एक हात बोटीला, एक कामाला. ही शिस्त अंगात मुरेपर्यंत मुद्दाम पाळा. हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना) टेदर, टेदरचा हूक डेकवर लांबीनं ताणलेल्या जॅकलाइनला किंवा पक्क्या कडीला. जिन्यातून बाहेर येण्याआधी अडकवा, आत आल्यावरच सोडा. रात्री, एकटं असताना आणि वारा वाढल्यावर यात चर्चा नाही.

नुसतं अडकवून भागत नाही, कुठे अडकवता तेही बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर शर्यतीतच दक्षिण महासागरात पुढच्या डेकवर शीड बदलताना एक क्रू पाण्यात गेला. टेदर लावलेला होता, पण त्याचा हूक डेकवरच्या क्लीटखाली (दोरी बांधायच्या खुंटीखाली) अडकला, आडवा ताण येऊन वाकला आणि सुटला. तो वाचला नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं नंतर हेच बजावलं: हूक असा राहिला पाहिजे की ताण त्याच्या लांबीच्या दिशेनंच येईल. म्हणून पुढे सरकताना दर वेळी मागे वळून हूक कुठे आहे ते बघा. शक्यतो वाऱ्याकडच्या बाजूनं आखूड टेदर लावा, म्हणजे पडलात तरी डेकवरच पडाल.

दहा नॉट्सनं जाणारी बोट मिनिटाला तीनशे मीटर जाते. कुणी पडलं तर पहिला बघणारा मोठ्यानं ओरडतो, हात त्याच्या दिशेनं रोखून धरतो आणि नजर काढत नाही. दुसऱ्या कशालाही हात लावत नाही. दुसरा जीपीएसचं बटण दाबतो, तिसरा तरंगणारं सामान फेकतो. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात एकही दोरी लोंबत नाही ना ते बघायचं, नाहीतर ती पंख्यात गुंडाळली जाते. लाइफजॅकेटमधला एआयएस बीकन माणसाची जागा बोटीच्या पडद्यावर दाखवतो. हा सराव प्रत्येक लेगच्या सुरुवातीला करा, स्किपर विसरला तर आठवण द्या. बाहेरून मदत लवकर येईल असं धरू नका: सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांची डोलकाठी हिंदी महासागरात मोडली, पाठीला जबर मार बसला, आणि फ्रेंच जहाज तिथे पोचेपर्यंत तीन दिवस गेले.

सुकाणू अर्ध्या ते पाऊण तासानं बदला. गर्वानं धरून बसू नका. रात्री सतत होकायंत्राकडे बघितलं तर बोट सापासारखी नागमोडी जाते. दिशा जुळली की शिडाच्या कडेला एखादा तारा धरा, मानेवरचा वारा जाणवू द्या, आणि पंधरा-वीस मिनिटांनी नवा तारा घ्या, कारण तारे सरकतात. वारा मागून असताना थकलेला सुकाणूवाला सगळ्यात धोकादायक. मुख्य शिडाचा आडवा दांडा भलतीकडून फिरला तर वाटेत येणारं डोकं फोडतो. वॉचमध्ये कुणाला "रीफ घ्यावा का?" असं वाटलं की घ्यायची वेळ झालेली असते.

पट्टे आणि माणसं

व्यापारी वाऱ्यांचे दिवस सुखाचे. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात खाली उकाडा असह्य होतो, शिडं लटकतात आणि बोटीवर सगळ्यात जास्त भांडणं तिथे होतात, वादळात नव्हे. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली थंडी, चाळीस-पन्नास नॉट्सचा वारा आणि दिवसचे दिवस ओलं अंग. तिथे कामं आखूड करा, पुढच्या डेकवरची माणसं लवकर बदला, हातमोज्यांचा एक कोरडा जोड छातीशी ठेवा.

दर सहा तासांनी सगळ्या बोटींच्या जागा कळतात. आपण दोन मैल मागे पडलो की सगळ्या बोटीवर शोककळा, आणि सकाळी चार मैल पुढे आलो की गाणी. एखाद्या आकड्यावर कुणाला टोचून बोलू नका. बहुतेक वेळा फरक वाऱ्याचा असतो.

वीस माणसांत भिंती नसतात, म्हणून एकांत शिष्टाचारानं तयार करावा लागतो. हेडफोन लावलेल्याशी बोलायचं नाही. बंकमधल्याला हात लावायचा नाही, उठवायचं असेल तेवढंच. राग आला तर त्याच वॉचमध्ये, त्याच माणसाला, कमी शब्दांत सांगा. दुसऱ्या वॉचला सांगितलंत तर जेवणापर्यंत सगळ्या बोटीला कळतं. इंग्रजी दहा तऱ्हेची ऐकू येते. डेकवर वाऱ्यात आज्ञा कळली नाही तर मान डोलवू नका, पुन्हा विचारा. आपल्याकडच्या भिडस्त स्वभावामुळे 'हो हो' निघून जातं आणि हातात भलतीच दोरी सुटते. घरी फोन लावता येत असेल तर तोही बेतानं; घरच्या कटकटी ऐकून डेकवर गेलेला माणूस निम्माच तिथे असतो.

बंदर आल्यावर

शेवटच्या दिवशी सगळ्यांना बिअर आणि गरम पाणी दिसू लागतं, आणि शेवटच्या रात्रीच अपघात होतात: किनाऱ्याजवळ मासेमारीच्या बोटी, जाळी, जहाजं, सवय सुटलेली नजर. त्या रात्री पुढे एक जादा माणूस टेहळणीला बसवा.

उतरल्यावर जमीन दोन-तीन दिवस हलते. पहिलं जेवण हलकं घ्या; महिनाभर खिचडीवर राहिलेल्या पोटात एकदम तळलेलं टाकलं की दुसरा दिवस हॉटेलच्या संडासात जातो. पण त्याआधी बोटीचं काम: सगळी शिडं बाहेर काढून गोड्या पाण्यानं धुवायची, फाटलेलं टेपनं खूण करून शिवायला द्यायचं, फळ्या उचलून तळ साबणानं घासायचा, गाद्या उन्हात. बुरशी दोन दिवसांत पसरते आणि पुढच्या लेगच्या माणसांना ती तुमची भेट असते. सगळ्यात शेवटी आपलं लाइफजॅकेट उघडा. वायूची बाटली घट्ट बसली आहे का, आपोआप फुगवणाऱ्या कळीची मुदत संपली का, बीकनची बॅटरी किती आहे, टेदरच्या शिवणी उसवल्यात का ते बघा, हूक गोड्या पाण्यात बुडवून चार-पाच वेळा उघड-मिट करा आणि वाकलेला वाटला तर दुरुस्त करू नका, बदलून घ्या.